फाशांकडून प्रश्नांकडे

भूमिका-खेळात आपण आधी आपले पात्र घडवतो. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळात पात्राचे बळ, बुद्धी वगैरे तीन-तीन फासे टाकून ठरे; १८ पडण्याची शक्यता २१६त १. १९८१च्या 'विझर्ड्री'त सहा जणांची तुकडी संगणकावर आली, पात्रे मात्र आकड्यांचीच राहिली.

१९८५ साली रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा ४'ने खेळाडूलाच पेच घातले: इथे खरे बोलाल, की दया दाखवाल? आठ सद्गुणांची ही बाद फेरी. म्हणून प्रश्न सात. (का, ते वर्गात विचारावे.) शेवटी नम्रता उरली तर आपण मेंढपाळ, लढाईत अगदी दुबळे! बाकी सात गुणांचे साथीदार वाटेत शोधायचे.

पुढे जडीबुटीच्या दुकानात दुकानदार अंध. नाणी आपणच मोजून द्यायची. कमी दिली तरी तक्रार येत नाही; यंत्र गुपचूप आपल्या प्रामाणिकपणाचा आकडा घटवते.