चार्ल्स फोर्जेट : मुंबईच्या कोतवालीचें एक प्रकरण

कोतवाल हा शब्द उच्चारतांच पुण्याच्या इतिहासज्ञांच्या मनांत घाशीराम सावळादास उभा राहतो. इ. स. १७९१ च्या ऑगस्टअखेर संतप्त जमावानें त्याचा दगडांनीं अंत केला, आणि त्या दिवसापासून हा हुद्दाच जणूं कलंकित झाला. परंतु एका घाशीरामावरून साऱ्या कोतवालांची परीक्षा करणें न्यायाचें नव्हे. कौटिल्यानें नगराच्या बंदोबस्तासाठीं ‘नागरिक’ नांवाचा अधिकारी सांगितला आहे, तसेच राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकारही मोजून दिले आहेत. सत्ता व लोभ यांचें साहचर्य आपल्या शास्त्रकारांस ठाऊक होतें. म्हणूनच लोभापासून अलिप्त राहिलेला अधिकारी त्यांस दुर्मिळ वाटे. अशा एका अधिकाऱ्याचें, चार्ल्स फोर्जेट याचें, चरित्र येथें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

फोर्जेटची योग्यता कळण्यास मुंबईच्या पोलिसांचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. जेराल्ड ऑन्जिअर याच्या अमदानींत, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, माहीम, शिवडी, शींव या ठिकाणीं भंडाऱ्यांचें पथक पहाऱ्यास असे. पुढें १७७९ त जेम्स टॉड यास पोलिसांचा मुख्य नेमण्यांत आलें. या गृहस्थावर १७९० त लांचलुचपतीबद्दल खटला झाला, व त्याच्याच हाताखालचा मनुष्य त्याच्याविरुद्ध मुख्य साक्षीदार म्हणून उभा राहिला. १७९३ पासून ‘पोलीस सुपरिंटेंडेंट’ हा हुद्दा सुरू झाला, तरी नांव बदलल्यानें खात्याची कीर्ति बदलली नाहीं. ज्या खात्याचा मूळ पुरुषच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहिला, त्याची सूत्रें १८५५ त फोर्जेटच्या हातीं आलीं.

फोर्जेटचा जन्म व वाढ हिंदुस्थानांतच झाली. तो मिश्र वंशाचा होता. त्याचा बाप मद्रासच्या तोफखान्यांत अधिकारी असून १७९९ सालीं श्रीरंगपट्टणच्या वेढ्यांत जखमी झाला होता. विलायतेहून नुकत्याच आलेल्या गोऱ्या साहेबांस जें कधीं साधलें नाहीं, तें फोर्जेटला सहज साधलें. देशी भाषा तो एतद्देशीयांप्रमाणें बोले, जातीजातींच्या चालीरीति जाणे, आणि वेषांतरांत तर त्याचा हातखंडा होता. मुंबईस येण्यापूर्वीं दक्षिण मराठा मुलखांत पोलिसांच्या कामावर असतांना याच गुणांनीं त्यानें नांव मिळविलें. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक व तापस असे जे गुप्तचर कौटिल्यानें वर्णिले आहेत, त्यांचे वेष अनेकांनीं वांटून घ्यावयाचे असत. येथें मुख्य अधिकारी स्वतःच ते धारण करी! गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याच्याशीं पैज लावून तो झाडूवाल्याच्या वेषानें पहारे चुकवीत त्याच्या शयनगृहांत जाऊन पोहोंचला, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी मानावी असा आग्रह नाहीं. लोक त्याजविषयीं काय समजत, एवढें मात्र तीवरून दिसतें.

१८५६ च्या १३ व्या आक्टानें कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरांच्या पोलिसांस नवी घडी बसली. फोर्जेट डेप्युटी कमिशनर झाला. पण शहराचा प्रत्यक्ष बंदोबस्त त्याजकडेच होता. लगेच १८५७ साल उजाडलें. मुंबईंत त्या वेळीं गोरे शिपाई सुमारें ४०० होते. उलट देशी पलटणी तीन, म्हणजे १० वी, ११ वी व मरीन बटालियन. मोहरमच्या दिवसांत १० व्या पलटणींतील एका दारू प्यालेल्या ख्रिस्ती ढोलकऱ्यानें हिंदूंच्या मिरवणुकींतील मूर्तीचा उपमर्द केला. पोलिसांनीं त्यास पकडलें, तेव्हां त्याच्या पलटणींतले शिपाई धांवून आले व त्यांनीं त्यास सोडवून पोलिसांस मारहाण केली. फोर्जेट मोजक्या माणसांनिशीं घोड्यावरून थेट त्यांच्या लाइनींत गेला व त्यांस थोपवून धरलें; मागून त्यानें स्वतःच्या जबाबदारीवर उभारलेलें पन्नास गोऱ्या स्वारांचें पथक येऊन पोहोंचलें, आणि प्रसंग टळला.

खरें प्रकरण यापुढचें आहे. सोनापुराजवळ गंगाप्रसाद नांवाच्या इसमाच्या घरीं कांहीं शिपाई रात्रीं जमतात, असा सुगावा फोर्जेटला लागला. त्यानें गंगाप्रसादास पकडून आणून भेद काढला, आणि शेजारून भिंतीच्या छिद्रांतून ती खलबतें स्वतः पाहिलीं व ऐकलीं. मरीन बटालियनचा मुख्य मेजर बॅरो यासही नेऊन ऐकविलीं. फोर्जेटच्या म्हणण्याप्रमाणें बेत असा होता कीं, दिवाळींत उठाव करून शहर लुटावें, तेथून पुण्यास जावें आणि नानासाहेबांस पेशवे म्हणून जाहीर करावें. लष्करी न्यायसभेपुढें चौकशी झाली, आणि १५ ऑक्टोबर १८५७ रोजीं, दिवाळीच्या तोंडावर, दोघांस एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडीं दिलें. एक मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन. दुसरा १० व्या पलटणीचा शिपाई मंगल गडिया, ज्याचें नांव इंग्रजी लेखांत निरनिराळ्या तऱ्हांनीं लिहिलेलें आढळतें.

प्रस्तुत लेखकानें अनेक वर्षें शाळेंत संस्कृत व इतिहास शिकविला. हें प्रकरण सांगितलें असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें होतें, “गुरुजी, मग या साहेबास प्रामाणिक म्हणावें कीं नाहीं?” त्या वेळीं मीं घंटा झाल्याचें निमित्त करून उत्तर टाळलें. तें आतां देणें प्राप्त आहे.

उत्तराचे दोन भाग पडतात. पहिला साधनांचा. कटाची जी हकीगत सर्वत्र सांगितली जाते, तिचा मोठा आधार फोर्जेटनें स्वतः लिहिलेला, १८७७ त लंडनास छापलेला ग्रंथ होय. म्हणजे गोष्ट घडल्यावर वीस वर्षांनीं, निवृत्त अधिकाऱ्यानें, आपल्याच कामगिरीविषयीं लिहिलेली. ती खोटी असें आम्ही म्हणत नाहीं. पण वादीचीच कैफियत निवाडा म्हणून वाचणें इतिहासाच्या शिस्तीस धरून नाहीं. त्याच वर्षीं जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या पुरुषावरही गोऱ्यांनीं संशय घेतला होता व तो निराधार ठरला, हें विसरतां कामा नये. भयाच्या दिवसांत भिंतीआडून ऐकलेला शब्द जरा मोठाच ऐकूं येतो.

दुसरा भाग शीलाचा. फोर्जेट द्रव्यास भुलून कर्तव्यास चुकला, असा डाग त्याच्या कीर्तीवर नाहीं. मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांनीं त्यास मानपत्रें व थैल्या दिल्या. तो विलायतेस गेल्यावर कापसाच्या व्यापाऱ्यांनीं १,५०० पौंड पाठविले. हें द्रव्य उघडपणें, कृतज्ञता म्हणून दिलेलें होतें; टॉडच्या काळची कमाई काळोखांतली होती. शहरावरही त्याचा लोभ होता. जुन्या बाँबे ग्रीनच्या उकिरड्यावजा मैदानाचें वर्तुळाकार बागेंत रूपांतर करण्याची कल्पना त्याचीच. एल्फिन्स्टन सर्कल म्हणून बांधलेलें तेंच स्थळ आज हॉर्निमन सर्कल या नांवानें ओळखलें जातें. ताडदेवाकडील एका रस्त्यासही त्याचें नांव आहे. परंतु याच मनुष्यानें पोलीस कचेरीच्या आवारांत फांसाचा खांब उभारून, संशयितांस तो दाखवून दरडाविलें. हात स्वच्छ, पण लगाम कोणाच्या हातीं? तो ज्या सत्तेचा चाकर होता, तिच्याशीं तो पूर्ण एकनिष्ठ राहिला. आणि सय्यद हुसेन व मंगल गडिया यांनीं तीच निष्ठा झुगारून प्राण दिले. म्हणून त्या विद्यार्थ्यास आज एवढेंच सांगेन कीं, फोर्जेट प्रामाणिक होता. मात्र प्रामाणिकपणा हा सेवकाचा गुण आहे, न्याय हा राज्याचा. पहिला असला म्हणजे दुसरा असतोच असें नाहीं.

१८६४ त त्याच्या जागीं फ्रँक साउटर आला. फोर्जेट १८९० त विलायतेंत वारला. त्याची बाजू छापील ग्रंथांत सुरक्षित आहे; तोफेच्या तोंडीं गेलेल्यांची बाजू कोणीं लिहून ठेवली? गिरगांव, भुलेश्वर, काळबादेवी येथील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत, किंवा मुंबईहून पुण्यास व कोंकणांत गेलेल्या खाजगी पत्रव्यवहारांत, शके १७७९ च्या आश्विनांतील एखादें पत्र असेल, त्यांत त्या दिवसाविषयीं दोन ओळी असतील. हुंडीची व कुशलाचीं पत्रें क्षुल्लक म्हणून रद्दींत घालण्यापूर्वीं संग्राहकांनीं त्यांवरील मित्या एकवार पहाव्या, व असें कांहीं हातीं लागल्यास मूळ पाठासह अवश्य प्रसिद्ध करावें. तोंपर्यंत हा निवाडा एकतर्फी आहे, असेंच समजावें.