पकडीचें मोल

नीरा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या मुलुखांत बारामती व इंदापूर हे तालुके वसले आहेत. तेथें गांवच्या मैदानावर कबड्डीचा डाव रंगला, म्हणजे एक गोष्ट हटकून दृष्टीस पडते. दम घेऊन प्रतिपक्षांत शिरणारा आणि दोघातिघांना बाद करून मध्यरेषा गांठणारा गडी टाळ्यांचा धनी होतो. कोपऱ्यांत दबा धरून तशाच दुसऱ्या वीराचा घोटा आवळणारा मात्र अंगावरची माती झटकून मुकाट्यानें आपल्या जागीं जाऊन उभा राहतो. सर्वोत्तम खेळाडूचें नांव पुकारण्याची वेळ आली, कीं बहुधा पहिल्याचेंच पुकारलें जातें. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हें पाहावयाचें तर खेळाच्या इतिहासाकडे वळावें लागतें.

जुन्या हुतूतूचे तीन प्रकार प्रसिद्ध होते. ‘अमर’ प्रकारांत बाद झालेला गडी मैदानावरच राही. प्रतिपक्षाला केवळ गुण मिळे. ‘गामिनी’ प्रकारांत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर बसे. ‘संजीवनी’ प्रकारांत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला, कीं आपला बाहेर बसलेला एक गडी जिवंत होऊन परत येई. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन येथें या खेळाचें प्रात्यक्षिक दाखविलें, आणि १९९० सालीं आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला स्थान मिळालें. आज सर्वत्र खेळली जाणारी कबड्डी ही संजीवनीचीच परंपरा होय.

या संजीवनींतच पकडीचें खरें मोल दडलेलें आहे. एका पकडीनें एक गुण मिळतो. आपला बाद झालेला गडी परत येतो. आणि प्रतिपक्षाचा धुरंधर चढाईपटू, त्याचे सोबती त्याला जिवंत करीपर्यंत, बाहेर बसून राहतो. त्या काळांत त्यानें किती चढाया केल्या असत्या आणि किती गुण आणले असते, याची नोंद कोणत्याही गुणपत्रकावर होत नाहीं. चढाईपटू एका दमांत तिघाचौघांना बाद करूं शकतो. बचाव करणाऱ्यांना पकडीचा एकच गुण. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतील, तरच दोन. शिवाय कोपरारक्षकानें घोटा धरला आणि मध्यरक्षकानें झेप घालून चढाईपटूला रोखलें, तरी तो गुण एकाच्याच नांवावर चढतो.

२०१४ सालीं सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगचे आंकडे या दृष्टीनें बोलके आहेत. २०१७ च्या हंगामांत प्रदीप नरवाल यानें चढाईचे ३६९ गुण मिळविले. पकडींत अग्रेसर ठरलेल्या सुरेंदर नाडा याचे गुण होते ८०. पुढच्या हंगामांत नितेश कुमार यानें पकडीच्या गुणांचें शतक गांठलें; तरीही सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान चढाईपटू पवन सेहरावत यासच मिळाला. २०१५ सालीं मनजीत छिल्लर या अष्टपैलू खेळाडूचा झालेला गौरव हा अपवाद होय.

अमेरिकेंतील व्यावसायिक फुटबॉलची कथाही निराळी नाहीं. तेथें चढाईचीं सूत्रें हालवून चेंडू फेंकणाऱ्या खेळाडूस क्वार्टरबॅक म्हणतात, आणि सर्वोच्च बहुमान बहुधा त्याच्याच गळ्यांत पडतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बहुमानाच्या इतिहासांत १९७१ सालीं ॲलन पेज आणि १९८६ सालीं लॉरेन्स टेलर हे दोघेच बचावपटू त्यास पात्र ठरले. २०१२ सालीं चेंडू घेऊन धांवणाऱ्या एड्रियन पीटरसन याला तो मिळाला. त्यानंतर २०२४ च्या हंगामापर्यंत तो क्वार्टरबॅकांच्या हातून सुटला नाहीं.

पुणें जिल्ह्यानें मात्र या प्रश्नाची दुसरी बाजूही पाहिली. इराणच्या मोहम्मदरेझा शादलू या बचावपटूस पुणेरी पलटणनें २०२३ च्या लिलावांत २ कोटी ३५ लाख रुपयांस घेतलें. त्या हंगामांत त्यानें पकडीचे ९९ गुण मिळविले, आणि १ मार्च २०२४ रोजीं पलटण प्रथमच विजेती झाली. मौल्यवान खेळाडूचा मान गेला तो संघनायक अस्लम इनामदार या महाराष्ट्राच्या गड्याकडे. तोही अपात्र नव्हता. पुढच्या हंगामांत शादलू हरयाणा स्टीलर्सकडून खेळला. २९ डिसेंबर २०२४ रोजीं पुण्याच्या बालेवाडी येथें तो संघ विजयी झाला, आणि तो मान अखेर शादलूकडे आला. त्यानें अधूनमधून चढायाही केल्या होत्या, हें खरें. पण त्याची कीर्ति उभी होती ती पकडीवरच.

एकट्यानें सात जणांत शिरण्याचें धाडस थोर आहे, यांत शंका नाहीं. परंतु गांवोगांवचीं मुलें ज्याला हार पडतो त्याचेंच अनुकरण करतात. सर्वच चढाईला धांवले, तर कोपरा कोण राखील? बारामती-इंदापूरच्या मैदानावर पुढल्या वेळीं बक्षीस देणाऱ्यानें गुणांची बेरीज जरूर करावी. पण कोणाच्या पकडीमुळें प्रतिपक्षाचा वीर किती वेळ बाहेर बसला, हेंही एकदां मोजून पाहावें.