नवव्या हरणाची कथा

लोककथा म्हटली कीं तिचा कर्ता अज्ञात असावयाचा, काळ अनिश्चित असावयाचा आणि ती आजीच्या मुखांतून नातवंडांच्या कानीं आलेली असावयाची, अशी आपली दृढ समजूत असते. ही समजूत खोटी नसली तरी अपुरी आहे, हें दाखविणारें एक उदाहरण अमेरिकेच्या अलीकडील इतिहासांत आहे. नाताळांत मुलांना भेटी वांटीत फिरणाऱ्या सांता क्लॉजच्या बर्फावरील गाडीस रेनडियर जातीचीं आठ हरणें जोडलेलीं असतात, ही कल्पना १८२३ सालीं एका वृत्तपत्रांत आलेल्या कवितेनें तिकडे रूढ केली. त्या आठांत नववें हरिण येऊन मिळालें तें १९३९ सालीं. आणि तें आणलें एका दुकानानें!

शिकागोची माँटगोमेरी वॉर्ड ही बडी व्यापारी पेढी नाताळांत गिऱ्हाइकांच्या मुलांना पुस्तिका फुकट वांटीत असे. त्या बाहेरून विकत घेण्यापेक्षां आपणच एक छापावी, असें ठरवून तिनें आपल्याकडील जाहिराती लिहिणाऱ्या रॉबर्ट मे यांना एक गोष्ट रचावयास सांगितलें. मे यांची पत्नी त्या वेळीं कर्करोगानें अंथरुणास खिळली होती. जुलै महिन्यांत ती वारली. वरिष्ठांनीं हें काम सोडण्याची मुभा दिली, पण मे यांनीं ती घेतली नाहीं. ऑगस्टच्या अखेरीस गोष्ट पुरी केली. रूडॉल्फ नांवाचें एक हरिण, त्याचें नाक लाल व चमकणारें, म्हणून तें सवंगड्यांच्या थट्टेचा विषय, पुढें नाताळच्या रात्रीं दाट धुकें पडतें, त्या नाकाचाच दिवा होतो आणि तें सांताच्या गाडीस सर्वांच्या पुढें जोडलें जातें, एवढेंच कथानक. पहिल्याच वर्षीं पुस्तिकेच्या चोवीस लाख प्रती वांटल्या गेल्या. १९४७ च्या आरंभीं पेढीनें कथेचे हक्क मे यांना देऊन टाकले. १९४९ सालीं त्यांचे मेहुणे जॉनी मार्क्स यांनीं तिच्यावर गीत रचलें, जीन ऑट्री यांनीं तें गाइलें, आणि लाल नाकाचें हरिण घरोघर पोहोंचलें.

तथापि ही कथा आज ज्या रूपानें मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहते, तें रूप तीस दूरचित्रवाणीनें दिलें. रविवार, ता. ६ डिसेंबर १९६४ रोजीं एन. बी. सी. या संस्थेनें जाहिराती धरून तासाभराचा एक बाहुलीपट प्रक्षेपित केला. पुरस्कर्ती होती जनरल इलेक्ट्रिक कंपनी. निर्माते आर्थर रँकिन व ज्यूल्स बॅस. संहिता रोमिओ म्युलर यांची. आवाज कॅनडांतील टोरोंटो शहरीं मुद्रित झाले, आणि बाहुल्या हलल्या त्या टोकियोंत, तादाहितो मोचिनागा या जपानी कलावंताच्या देखरेखीखालीं. बाहुली केसभर हलवावयाची, चित्र घ्यावयाचें, पुन्हां केसभर हलवावयाची, असा हा उद्योग. पडद्यावर एका सेकंदास चोवीस चित्रें सरकतात हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्यास किती धीर लागला असेल, याची कल्पना येईल. एकोणीस वर्षांपूर्वीं जीं दोन राष्ट्रें एकमेकांशीं युद्ध करीत होतीं, त्यांपैकीं एकाच्या मुलांचा सण दुसऱ्याच्या कारागिरांनीं सजवावा, हा इतिहासांतील लहानसा पण समाधानाचा योग होय.

म्युलर यांनीं मूळ गोष्टींत पुष्कळ भर घातली. येथें रूडॉल्फ हा सांताच्याच एका हरणाचा मुलगा आहे; त्याच्या नाकाची लाज वाटून बापच तें चिखलानें झांकतो. खेळणीं करण्याऐवजीं दंतवैद्य होऊं पाहणारा एक बुटका त्याचा सोबती होतो. दोघे हिंडत हिंडत अशा एका बेटावर येतात कीं जेथें कोणासच नकोशीं झालेलीं खेळणीं राहतात. आगगाडीच्या एका डब्याचीं चाकें चौकोनी, हत्तीच्या अंगावर ठिपके, पिचकारींतून पाण्याऐवजीं जेली उडते. आम्हांस घर मिळवून द्या, अशी तीं विनवणी करतात आणि रूडॉल्फ तसें वचन देतो. परंतु १९६४ च्या त्या पहिल्या प्रक्षेपणांत रूडॉल्फचा गौरव होऊन खेळ संपला. खेळणीं बेटावरच राहिलीं.

प्रेक्षकांस हें रुचलें नाहीं. दिलेल्या वचनाचें काय झालें, अशी तक्रार करणारीं पत्रें आलीं. अखेर १९६५ सालीं, मूळचा कांहीं भाग गाळून, सांता त्या बेटावर जाऊन खेळणीं घेऊन येतो असा नवा प्रवेश जोडण्यांत आला.

या लहानशा दुरुस्तीचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. रूडॉल्फच्या मूळ कथेंत एक उणीव आहे. समाजानें त्यास पोटाशीं धरलें तें त्याचें नाक उपयोगी पडलें म्हणून. धुकें पडलें नसतें तर? आपल्या शिवामुठीच्या कहाणींतील नावडती सून आवडती होते तीही व्रताचें फळ म्हणून. तीस आपली पात्रता सिद्ध करावी लागते. बेटावरच्या खेळण्यांनीं मात्र कोणतीच कामगिरी केली नाहीं. त्यांचें वैगुण्य कोणाच्या उपयोगाचें ठरलें नाहीं, तें नाहींसेंही झालें नाहीं. हत्तीचे ठिपके तसेच आहेत, चाकें चौकोनीच आहेत; आणि तरीही त्यांना घर मिळालें पाहिजे, असा प्रेक्षकांचा आग्रह होता. लेखकानें जेथें न्याय संपविला, त्याच्या एक पाऊल पुढें ते गेले.

हा सारा व्यापाऱ्यांचा कावा, असें कोणी म्हणेल. कथा दुकानानें लिहविली आणि चित्रपटाचा पुरस्कार विजेचीं उपकरणें विकणाऱ्या कंपनीनें केला, हें खरेंच आहे. परंतु राजदरबारीं पोसलेल्या काव्यांनीं राजाश्रयाची मर्यादा ओलांडल्याचीं उदाहरणें आपणांस ठाऊक आहेत. मग पेढीच्या आश्रयास जन्मलेल्या कथेस तें कां साधूं नये? १९६४ पासून हा बाहुलीपट तेथें प्रतिवर्षीं दाखविला जात आला आहे. पहिल्या वर्षीं तो पाहणारीं मुलें आतां आजोबा-आजी झालीं आहेत, आणि नातवंडांस मांडीवर घेऊन तीच गोष्ट दाखवीत आहेत. लोककथेचें लक्षण याहून निराळें तें काय? प्रत्येक घरांत आणि प्रत्येक वर्गांत एखादें चौकोनी चाकांचें मूल असतेंच. त्याचा उपयोग सिद्ध होईपर्यंत आपण थांबावयाचें कीं काय, हा प्रश्न त्या पत्रांनीं विचारला होता. तो केवळ अमेरिकेंतील मुलांपुरता नाहीं.