इंडेंट, शेडिंग आणि मेंढ्याचा बांबू

आजचा विषय वर्ड प्रोसेसरमधला आहे, पण सुरुवात गडचिरोलीच्या बांबूपासून.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो होता वनखात्याच्या हातात. भांडण येऊन थांबलं एका व्याख्येवर. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू म्हणजे झाड. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 2 मध्ये तोच बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाचा. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. जुन्या कायद्यातल्या 'झाडा'तून बांबू बाहेर पडायला मात्र 2017 उजाडलं.

आता बघा, एका व्याख्येवर गावाची कमाई अडते, तर अर्जात ती व्याख्या लगेच दिसायला नको का? गावाचं म्हणणं कुठे संपतं आणि कायद्याचे शब्द कुठे सुरू होतात, हे साहेबाला शोधत बसावं लागू नये. आत सरकवलेला, मागे हलका रंग असलेला परिच्छेद यासाठीच असतो.

आपल्याकडे ही सोय तशी नवीच. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं. परिच्छेद असा नाहीच. टाइपरायटरवर टॅब मारून मजकूर आत घेता यायचा, शेडिंगचा प्रश्नच नव्हता. मग 1974 च्या सुमारास अमेरिकेत झेरॉक्स पार्कमध्ये बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी 'ब्राव्हो' हा एडिटर केला. पुढे सिमोनी मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि 1983 मध्ये वर्ड आलं. वर्डमध्ये इंडेंट, शेडिंग, ओळींमधलं अंतर, सगळं अख्ख्या परिच्छेदाला चिकटलेलं असतं. ते साठतं परिच्छेदाच्या शेवटच्या खुणेत. ती खूण डिलीट केली की रूप बदलतं, ते म्हणूनच.

गेल्या दिवाळीत चंद्रपूरला घरी होतो, तेव्हा एका ग्रामसभेच्या अर्जाची फाइल माझ्याकडे आली. इंडेंट सगळे स्पेसबार दाबून दिलेले. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणल्यावर ओळी अशा सरकल्या की कलम आणि तक्रार एकच दिसायला लागले. मी 'कायदा' नावाची एक स्टाइल केली: डावीकडून आणि उजवीकडून 1 सेंटीमीटर आत, बॉर्डर्स अँड शेडिंगमध्ये फिकट राखाडी, आणि 'अप्लाय टू'मध्ये पॅराग्राफ. तिथे टेक्स्ट निवडलं तर रंग फक्त अक्षरांमागे लागतो, कडा दातेरी दिसतात.

स्क्रीनवर झकास दिसलं. पण अर्ज स्क्रीनवर कोण वाचतो? तो ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे, झेरॉक्सची झेरॉक्स होत जातो. तिसऱ्या प्रतीत राखाडी रंगाचे ठिपके होतात आणि आपले अनुस्वार त्यात बुडतात. बांबूचा झाला बाबू! (हसू नका, गौण वनोपजात बाबू येत नाही.)

म्हणून छापायच्या प्रतीत शेडिंग काढलं, इंडेंट ठेवला आणि डावीकडे एक काळी उभी रेघ दिली. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये राखाडी तसंच राहू दिलं. कायद्याचे उतारे होते अकरा; स्टाइल असल्यामुळे बदल एकदाच करावा लागला.