चाळणीतून निसटलेली गाणी

परवा नातवाने विचारले, "आजोबा, तुमची आवडती गाणी कोणती?" मी वहीत यादी करायला बसलो. एका पानावर बालगंधर्व, भीमसेनांचे अभंग, लतादीदी, सुलोचना चव्हाणांची लावणी आणि शेवटी चक्क 'सैराट'! यादी पाहून मलाच हसू आले. यातली निम्मी गाणी मी पन्नास वर्षांपूर्वी 'हलकी' म्हणून बाजूला काढली असती. तेव्हा आज या 'हलकी' आणि 'चांगली'च्या चाळणीविषयीच लिहितो.

माझा जन्म १९५० चा. आमच्या तालुक्याच्या गावी रेडिओ मोजक्याच घरांत होता. त्याला पोस्टातून लायसन्स काढावे लागे. आमच्याकडे रेडिओ होता, पण त्यावर काय लागायचे हे वडील ठरवत. शास्त्रीय, भजन आणि बातम्या चालत. सिनेमाची गाणी लागली की खटका बंद!

गंमत म्हणजे दिल्लीतही असेच एक वडील बसले होते. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, स्वतः गाणे शिकलेला. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. आधी या गाण्यांचे प्रमाण कमी झाले, मग निर्मात्यांशी वाद होऊन आकाशवाणीवरून ती जवळजवळ नाहीशीच झाली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. त्याच वर्षी डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज पुन्हा आमच्याच गावात यायचा. पुढे कळत्या वयात मी तो शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून ऐकत असे. वडिलांना कळत होते बहुधा, पण बोलले नाहीत कधी. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच 'विविध भारती' काढावी लागली.

पण केसकरांना नुसती नावे ठेवून भागत नाही. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५३ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजींचे संगीत, सीताकांत लाड यांची कल्पना. दर आठवड्याला एक नवे गीत. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नाची छप्पन्न गीते झाली! मी पाच वर्षांचा होतो. मला आठवते ते एवढेच, की गाणे संपेपर्यंत आई पदर सावरून, हात जोडून बसे आणि आम्ही खोकलोसुद्धा तर डोळे वटारी. म्हणजे चाळणी लावणाऱ्या हातांनीच हे सोनेही दिले. असो.

आता माझ्या चाळणीची गोष्ट. बी. ए. होऊन नुकताच मास्तर झालो होतो. १९७४ चे स्नेहसंमेलन. 'पिंजरा' येऊन दोन वर्षे झाली होती आणि त्यातली गाणी सगळ्यांच्या तोंडी होती. नववीतली एक मुलगी लावणी म्हणणार म्हणून नाव द्यायला आली. गळा फार सुरेख. मी म्हणालो, "असली गाणी शाळेत चालत नाहीत. एखादे देशभक्तीपर म्हण." ती हळूच म्हणाली, "सर, माझे वडील फडात ढोलकी वाजवतात." मी तिचे नाव खोडले. संमेलनात ती शेवटच्या रांगेत बसून होती.

आणि मी कोण? रोज सकाळी होनाजी बाळांची भूपाळी ऐकणारा! होनाजी शिलारखाने हे पेशवाईतले लावणीकार शाहीर आणि बाळा करंजकर हे त्यांचे गाणारे जोडीदार. त्यांच्यावर शांतारामबापूंनी १९५१ साली 'अमर भूपाळी' काढला. ज्या तोंडची भूपाळी आम्ही देवघरात घेतली, त्याच तोंडची लावणी आम्ही उंबऱ्याबाहेर ठेवली. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या मास्तरला हे ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, पण लागू पडले नव्हते.

नीट पाहिले तर आज मान असलेल्या कितीतरी गोष्टींच्या वाट्याला हे आले आहे. 'संगीत मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले, त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ते स्वतः नामवंत पेटीवादक. तीच पेटी १९४० साली आकाशवाणीने बंद केली, कारण म्हणे तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. पुढे सत्तरच्या दशकात ती हळूहळू परत आली. सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. आपल्याकडे मान मिळतो, पण फार सावकाश मिळतो.

२०१६ मध्ये नातवाने 'सैराट' लावले तेव्हा माझा हात सवयीने आवाज कमी करायला गेला होता. मग ती शाळेतली मुलगी आठवली आणि हात मागे घेतला. पूर्ण ऐकले. हलगीच्या ठेक्याशेजारी परदेशी व्हायोलिनांचा भलामोठा ताफा! अजय-अतुल यांनी तो हॉलिवूडमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केला, हे नातवानेच सांगितले. दुसऱ्यांदा लावायला मीच सांगितले.

सगळी गाणी सारखीच चांगली असतात असे मी म्हणत नाही. बेसूर ते बेसूरच. पण बेसूर आहे की नाही हे ठरवायला आधी ऐकावे लागते. मी त्या मुलीला ऐकलेच नाही. दहावीनंतर ती कुठे गेली ते कळले नाही. आज साठी उलटलेली असेल. माझ्या यादीत पाचवा क्रमांक मी मोकळा ठेवला आहे. नातू विचारतो, "इथे कोणते गाणे?" मी म्हणतो, "ते मी ऐकायचे राहिले आहे."