शिळेवरची नर्तकी

बॅले म्हटलं की एक आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. तलम पांढरा घेरदार झगा, अंगठ्याच्या टोकावर तोललेला देह. ही आकृती रंगमंचावर जन्मली खरी, पण घरोघरी पोचवली ती छापखान्याच्या दगडाने. तो दगड आपल्याही ओळखीचा. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावरच. त्याच वर्षी लंडनमध्ये आल्फ्रेड शॅलनने काढलेली मारी तालिओनी या नर्तकीची चित्रं रिचर्ड लेनने शिळेवर उतरवली.

हे तंत्र आलोइस झेनेफेल्डरने १८व्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये शोधलं. बव्हेरियातला चुनखडीचा दगड घासून सपाट करायचा, त्यावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. कोऱ्या जागेत पाणी मुरतं, खडूच्या रेघा ते झिडकारतात. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना धरते. तांब्याच्या पत्र्यावर रेघ कोरावी लागे. इथे खडू दगडाच्या रव्यावरून नुसता फिरवला तरी धुक्यासारखी करडी छटा उतरे. झग्याचा झिरझिरीतपणा दाखवायला याहून योग्य साधन तेव्हा नव्हतं. वर जलरंग हाताने भरत.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरात ‘ला सिल्फीद’ या बॅलेत तालिओनी वनपरी झाली आणि अशा चित्रांना उधाण आलं. पियानोच्या स्वरलिपीच्या मुखपृष्ठांवरही नर्तकी झळकू लागल्या. तेव्हाचे नाचाचे जोडे मऊ साटिनचे, टोकाला रफू करून जरा घट्ट केलेले. आजच्यासारखं कडक टोक त्यांना नव्हतं, त्यामुळे अंगठ्यावर उभं राहणं क्षणभराचंच. शिळेने तो क्षण धरून ठेवला. या चित्रांची थोरवी मला यातच दिसते.

१२ जुलै १८४५ रोजी लंडनमध्ये तालिओनी, ग्रिसी, चेरितो आणि ग्राहन या चौघी ‘पा द कात्र’मध्ये एकत्र नाचल्या. नृत्यरचना झ्यूल पेरोची. मधे तालिओनी उभी आणि तिघी तिच्याभोवती, असं त्या नाचाचं शॅलनचं चित्र टी. एच. मॅग्वायरने शिळेवर घेतलं. पुढे पेरोची मूळ रचना हरवली. १९४१ साली अँटन डोलिनने अमेरिकेत हा नाच पुन्हा बसवला, तेव्हा हाताशी होतं त्या नाचासाठी पुन्यीने रचलेलं संगीत, जुनी परीक्षणं आणि हे चित्र. डोलिनच्या नाचाची सुरुवात होते ती चौघींनी त्या चित्रातल्यासारखं उभं राहूनच.