ग्रहण, चाळणी आणि आपली मुले

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी स्मरणिकेसाठी मी विज्ञानाचा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मुलांना पदार्थविज्ञानाची गोडी शाळेतच लागते असे नाही. ती अंगणातही लागते, आणि अंगणाचे दार आपल्या हाती असते.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी सूर्यग्रहण झाले. हुबळी-रायचूरकडे ते खग्रास होते. आपल्या सातारा-सांगलीकडे खंडग्रास, तरी सूर्याचा बराच मोठा भाग झाकला गेला. मी तेव्हा आईच्या पोटात होते. त्या दुपारी तिला कोणी विळीला हात लावू दिला नाही. गल्लीतली मुलेही घरात कोंडलेली. दारात चालून आलेला धडा असा फुकट गेला.

वास्तविक शाळेबाहेर शिकविणारी मंडळी तेव्हाही होती. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, तर मुंबईत १९६६ साली मराठी विज्ञान परिषद. पण त्यांचे सांगणे आपल्या उंबरठ्याशी यायला वेळ लागला. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेस वैद्यकी शिकले. त्यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापली. बुवांच्या चमत्कारांमागचे विज्ञान कार्यकर्ते गावोगाव करून दाखवू लागले. २०१३ साली डॉक्टरांची हत्या झाली, पण काम थांबले नाही. कराडातही कल्पना चावला यांच्या नावाचे विज्ञान केंद्र उभे राहिले. तेथे मुले स्वतःच्या हातांनी प्रयोग करतात.

पुढचे मोठे ग्रहण २४ ऑक्टोबर १९९५ चे, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या सकाळी. या वेळी पुष्कळ लोक बाहेर पडले. शेजारच्या मास्तरांनी आम्हा मुलींना आंब्याखाली नेले. जमिनीवर उन्हाचे कवडसे नेहमी गोल असतात. त्या दिवशी सगळे चंद्रकोरीसारखे! मास्तर म्हणाले, “प्रकाश सरळ रेषेत जातो. पानांमधल्या प्रत्येक बारीक फटीतून सूर्याचे चित्र खाली पडते. सूर्य अर्धवट, म्हणून चित्रही अर्धवट.” मग एकीने घरून पुरणयंत्राची जाळी आणली. तिच्या सावलीत जितकी भोके तितक्या कोरी! पुस्तकात वाचलेला प्रकाशाचा नियम मला त्या जाळीने शिकविला.

२ ऑगस्ट २०२७ रोजी, दिव्याच्या अवसेला, दुपारनंतर आपल्याकडे पुन्हा खंडग्रास ग्रहण आहे. दिवे घासूनपुसून झाले की मुलांना बाहेर न्या. सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नका. पाठ सूर्याकडे, हातात चाळणी आणि नजर जमिनीवर. आकाशात ढग असले तर आदल्या दिवशीच्या उन्हात गोल कवडसे मोजा. मुले “असे का?” विचारतील. उत्तर येत नसले तरी त्यांना गप्प बसवू नका. आपण मिळून शोधू, एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले.